मायनसचा नवीन चष्मा, नंबर बरोबर, तरी नीट दिसत नाही? नंबर बदलायच्या आधी हे तपासा

चष्म्याच्या काउंटरवर सगळ्यात जास्त वेळा परत येणारी केस हीच. नंबर बरोबर, काच नवीन, तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचता येते, आणि तरी माणूस म्हणतो "काहीतरी गडबड आहे". मग गिऱ्हाईक म्हणतं दुकानदाराने काच चुकीची टाकली, दुकानदार म्हणतो नंबरच तसा आलाय, तिसरा कुणीतरी म्हणतो वापरा वापरा सवय होईल, आणि चष्मा जातो ड्रॉवरमध्ये. हे इतक्या वेळा निस्तरलंय की आता एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी लक्षणं. यातलं तुमचं कुठलं ते बघून ठेवा, कारण पुढे प्रत्येकाची वाट वेगळी आहे.

- समोर बघितलं की स्वच्छ, पण डोळे बाजूला फिरवले की धूसर, आणि ट्यूबलाइटच्या किंवा पांढऱ्या कागदाच्या कडेला निळी-पिवळी किनार दिसते
- चष्मा बोटाने नाकावर मागे दाबला की एकदम क्लिअर होतं
- एकेका डोळ्याने छान दिसतं पण दोन्ही उघडे ठेवले की ओढल्यासारखं वाटतं, संध्याकाळपर्यंत भुवयांच्या वर दुखायला लागतं
- फरशीच्या रेघा वाकलेल्या, जिन्याची पायरी अंदाजापेक्षा खाली
- रात्री गाडी चालवताना समोरच्या हेडलाइटला फराटे, किंवा प्रत्येक दिव्याच्या शेजारी एक फिकट डुप्लिकेट दिवा
- अक्षरं फारच काळी कुळकुळीत आणि बारीक दिसतात, लांबचं झक्कास पण मोबाइल बघताना चष्मा काढून ठेवावासा वाटतो

आणि हे असेल तर पुढचं वाचत बसू नका: एका डोळ्यापुढे अचानक पडदा किंवा सावली आली, विजेसारखे चमकारे दिसायला लागले, काळे ठिपके किंवा जाळी एकाएकी वाढली, सरळ रेघ एकाच डोळ्याला मधेच मोडलेली दिसते, किंवा डोळा लाल होऊन दुखतोय आणि नजर कमी झाली. हे चष्म्याचं काम नाही, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. मायनस नंबरवाल्यांनी तर नक्कीच, कारण बहुतेकांचा डोळा आतून लांबट झालेला असतो, त्यामुळे डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) ताणलेला असतो आणि तो सुटण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त.

बाकीच्यांनी आता फुकटातल्या गोष्टींपासून सुरुवात करा.

१. काच धुवा. पुसू नका, धुवा.

हसू नका, रात्री फराटे दिसतात म्हणून येणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच बरे होतात. टी-शर्टने, ओढणीने, पदराने कोरडी काच पुसली की तेल फक्त पसरतं आणि धुळीचे कण काचेवर घासले जातात. नळाखाली साधं पाणी, बोटावर भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, दोन्ही बाजूंनी चोळायचं, नाकाच्या पॅडपाशी आणि फ्रेमच्या खाचेतसुद्धा, मग स्वच्छ मायक्रोफायबरने टिपायचं. गरम पाणी अजिबात नको.

आता ट्यूबलाइटखाली काच तिरकी धरा आणि तिच्यात उमटलेलं प्रतिबिंब बघा. बारीक जाळीसारख्या भेगा दिसतात का? दिसल्या तर कोटिंग तडकलंय. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला चष्मा, गरम पाणी, कढईवर वाकून रोज तळण, यात प्लॅस्टिकची काच जास्त फुगते आणि वरचं कोटिंग तेवढं फुगत नाही म्हणून ते फाटतं. गंमत म्हणजे अशा काचेतून डॉक्टरांच्या तक्त्यावर ६/६ (नॉर्मल नजरेची ओळ) आरामात वाचता येतं, कारण तक्ता म्हणजे पांढऱ्यावर काळी ठळक अक्षरं. संध्याकाळच्या उजेडात करड्या रस्त्यावरचा करडा खड्डा दिसणं ही वेगळी गोष्ट आहे, त्याला कॉन्ट्रास्ट लागतो आणि तो अशा काचेने खाल्लेला असतो. तडकलेलं कोटिंग पॉलिश वगैरे करून परत येत नाही, काच बदलावी लागते.

शेजारी डुप्लिकेट दिवा दिसत असेल तर काचेवर अँटिग्लेअर, म्हणजे प्रकाश परत फेकणं कमी करणारं कोटिंग, आहे का विचारा. साध्या प्लॅस्टिकची काच प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फेकते, आणि १.६७ ची पातळ काच (हा आकडा काचेचा अपवर्तनांक, तो जास्त तेवढी काच पातळ) साधारण ६ टक्के, म्हणजे दोन्ही बाजू मिळून १२ टक्के वाया. म्हणून पातळ काच बिनाकोटिंगची घेणं म्हणजे पैसे देऊन त्रास विकत घेणं. टू-व्हीलरवाल्यांनी आधी हेल्मेटची व्हायझर वर करून बघा, फराटे गेले तर चष्मा निर्दोष आहे.

२. चष्मा नाकावर नीट बसतोय का?

"मागे दाबला की क्लिअर होतं" वाल्यांची जागा ही. मायनसची काच डोळ्यापासून लांब गेली की तिचा परिणाम कमी होतो. काच डोळ्यापासून साधारण १२ ते १४ मिलिमीटरवर असेल असं धरून नंबर काढलेला असतो. मायनस २ वाल्याला चष्मा घसरल्याचं कळतसुद्धा नाही. पण मायनस १० ची काच १२ वरून १६ मिलिमीटरवर आली तर डोळ्याला ती साधारण पाव ते एक तृतीयांश पॉइंटने (मायनस ९ आणि मायनस १० मधला फरक म्हणजे एक पॉइंट) कमी पडते, आणि तेवढ्याने बसचा बोर्ड वाचायचा राहतो. मुंबईत, कोकणात मे महिन्यात घामाने दिवसभर चष्मा नाकाच्या शेंड्यावर असतो आणि लोक येऊन सांगतात नंबर वाढला. नंबर तेवढाच असतो, फ्रेम ढिली झालेली असते.

घरी करायचं ते एवढंच: चष्मा टेबलावर उलटा ठेवा, फ्रेमची वरची कड खाली. दोन्ही काड्या टेबलाला सारख्या टेकतात का? एक हवेत राहत असेल तर फ्रेम पिळवटलीय. मग आरशात सरळ बघा, एक काच वर आणि एक खाली दिसते का, एक गालाजवळ आणि एक लांब आहे का. काचेची खालची कड गालाकडे थोडीशी, साधारण ८ ते १२ अंश, झुकलेली असावी. अगदी सपाट किंवा उलटी झुकलेली असेल तर जाड नंबरात कडेचं फाटल्यासारखं दिसतं. हे दुरुस्त करायला कुठल्याही दुकानात हीटरवर काडी गरम करून दोन मिनिटं लागतात आणि बहुतेक जण पैसे घेत नाहीत. घरी मेणबत्तीवर करू नका प्लीज. रिमलेस फ्रेम तर घरी हातच लावू नका, स्क्रूपाशी काच टिचते.

फिटिंग करून चष्मा घट्ट बसल्यावरही मागे दाबला की जास्त क्लिअर होतंय? मग मात्र नंबर खरंच थोडा कमी असू शकतो, ते लक्षात ठेवून पुढे जा.

जाता जाता कॉन्टॅक्ट लेन्सचं. चष्मा मायनस ८ आणि लेन्स मायनस ७.२५ दिली म्हणून भांडायला येणारे दर सीझनला असतात. लेन्स बुबुळावरच बसते, मधलं अंतर शून्य, म्हणून कमी नंबर पुरतो. मायनस ४ च्या खाली हा फरक विसरा.

३. एक डोळा झाका

यालाही पैसे नाहीत, आणि यावरच पुढची सगळी वाट ठरते. नवीन चष्मा घालून एक डोळा हाताने झाका, डोळा दाबायचा नाही, आणि लांबचं कॅलेंडर बघा. मग दुसरा. मग दोन्ही.

दोन्ही डोळे वेगवेगळे छान पण एकत्र त्रास: गडबड बहुतेक वेळा काचेचे मध्य चुकीच्या जागी असण्यात किंवा दोन डोळ्यांच्या नंबरातल्या मोठ्या फरकात आहे. सरळ पाचव्या मुद्द्यावर जा. एकच डोळा खराब: त्या बाजूची काच, तो नंबर किंवा तो डोळा. चौथा मुद्दा.

आणि एकेक डोळ्यानेही बरं, दोन्हीनेही बरं, फक्त जमीन खाली गेल्यासारखी आणि सगळं लहान वाटतंय, चष्मा घेऊन चारच दिवस झालेत? थांबा थोडे. मायनसची काच वस्तू लहान दाखवतेच, तो तिचा स्वभाव आहे, मायनस ६ ला साधारण ८ टक्के. नंबर एकदम एक-दीड पॉइंटने वाढला असेल किंवा सिलिंडर (एका ठरावीक दिशेपुरता लागणारा वेगळा नंबर) पहिल्यांदाच आलं असेल, किंवा त्याचा अक्ष, म्हणजे ती दिशा, बदलला असेल, तर मेंदूला आठवडा-दोन आठवडे लागतात. फक्त या काळात नवीनच चष्मा दिवसभर घाला. ऑफिसात नवीन आणि घरी जुना असं केलं तर सवय कधीच होत नाही, आणि असं करणारेच जास्त. जिन्यावर पहिले काही दिवस कठडा धरा. दोन आठवड्यांनंतरही तेच असेल तर ती सवयीची गोष्ट नाही, मग कुणी कितीही सांगो.

४. सुईच्या भोकातून बघा

जाड कागदाला किंवा जुन्या व्हिजिटिंग कार्डाला सुईने एक स्वच्छ भोक पाडा. चष्मा घालून, खराब दिसणाऱ्या डोळ्यापुढे ते कार्ड अगदी जवळ धरा, दुसरा डोळा झाका आणि त्याच कॅलेंडरकडे बघा. उजेड भरपूर हवा. भोकातून फक्त मधले किरण आत येतात, कडेचे विस्कटलेले अडतात, म्हणून नंबराची चूक असेल तर अक्षर लगेच सुधारतं. डोळे बारीक करून बघण्यामागे हेच आहे.

भोकातून सुधारलं तर प्रश्न नंबराचा किंवा काचेचा, म्हणजे सुटणारा. बुबुळाचा आकार बिघडला असेल तरीही कधी कधी सुधारतं, ते शेवटी बघू. भोकातून काहीच सुधारलं नाही किंवा अजून वाईट झालं, तर चष्म्याच्या मागे लागू नका. पडदा, मोतीबिंदू किंवा दुसरं काही असू शकतं, डॉक्टर गाठा. दुकानात तिसऱ्यांदा काच बदलून घेणाऱ्यांनी ही चाचणी पहिल्याच दिवशी केली असती तर त्यांचे आणि आमचे दोघांचेही हेलपाटे वाचले असते.

५. दुकानात लेन्सोमीटरवर चष्मा तपासून घ्या

लेन्सोमीटर म्हणजे काचेचा नंबर मोजायचं मशीन. शक्यतो दुसऱ्या दुकानात. काम दोन मिनिटांचं, बरेच जण फुकट करतात. नुसतं "नंबर बघा" म्हणू नका, तीन गोष्टी मागा: दोन्ही काचांचा नंबर सिलिंडर आणि अक्षासकट, दोन काचांच्या मध्यांमधलं अंतर, आणि दोन्ही मध्य एका उंचीवर आहेत का. उजवी-डावी काच अदलाबदल झालेली मी पाहिलीय, म्हणून नंबरही बघायचाच, पण बहुतेक वेळा चोर दुसऱ्या आकड्यात सापडतो.

तुमच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर म्हणजे पीडी. मोठ्या माणसाचं बहुधा ५८ ते ६८ मिलिमीटर. काचेचे मध्य बरोबर बाहुल्यांसमोर हवेत. ते सरकले की काच प्रिझमसारखी वागते आणि चित्र बाजूला ढकलते. हिशोब सोपा आहे, सरक सेंटिमीटरमध्ये गुणिले नंबर, उत्तर येतं ते प्रिझममध्ये, म्हणजे चित्र किती ढकललं जातं ते मोजायच्या एककात. पीडी ६३ आणि काचांचे मध्य ६८ वर बसवले, म्हणजे अर्धा सेंटिमीटर चूक. मायनस १ वाल्याला अर्धा प्रिझम, त्याला काही कळणार नाही. मायनस ६ वाल्याला ३ प्रिझम, आणि त्याला दोन्ही डोळे दिवसभर बाहेरच्या बाजूला खेचून धरावे लागतात, जे डोळ्यांना अजिबात आवडत नाही. म्हणून तुमच्या मित्राने तिथूनच चष्मा केला आणि त्याला काही त्रास नाही याला अर्थ नाही, त्याचा नंबर किती ते विचारा. वर-खाली फरक तर याहून वाईट. मायनस ६ मध्ये एक मध्य दुसऱ्यापेक्षा २ मिलिमीटर वर असला की सव्वा प्रिझमच्या आसपास जातं आणि उभ्या दिशेचा एवढा फरक डोळे सहसा खपवून घेत नाहीत, डोकं दुखतंच.

आपल्याकडे डॉक्टरच्या चिठ्ठीवर पीडी बहुतेक वेळा लिहिलेला नसतो. ऑनलाइन मागवताना लोक तो रकाना अंदाजाने भरतात किंवा फोटोवरून काढून घेतात. मायनस ३ च्या पुढे असाल तर पीडी मोजून घ्या, लिहून घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

याच्याशीच जोडलेली फ्रेमची गोष्ट. काडीच्या आत ५४ आणि १८ असे आकडे छापलेले असतात, पहिला काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची. दोन्हींची बेरीज ७२. तुमचा पीडी ६२ असेल तर प्रत्येक काचेचा मध्य ५ मिलिमीटर आत सरकवावा लागतो आणि मायनसची काच बाहेरच्या कडेला जाडजूड होते. बेरीज पीडीच्या जितकी जवळ तितकी काच पातळ, हलकी आणि कडेचं कमी धूसर दाखवणारी. जाड नंबराला लहान, गोलसर फ्रेम. मोठ्या चौकोनी फ्रेमची फॅशन आली की आमचं काम वाढतं.

६. काच कशाची आहे

निळी-पिवळी किनारवाले, हे तुमच्यासाठी. प्रत्येक मटेरियल प्रकाशाचे रंग कमी-जास्त फोडतं आणि ते अ‍ॅबे नंबराने मोजतात, आकडा जास्त तेवढं चांगलं. साधं प्लॅस्टिक, म्हणजे सीआर ३९, याचा ५८. १.६० चा ४१-४२. १.६७ चा ३२ च्या आसपास. पॉलीकार्बोनेटचा ३०. म्हणजे तुम्ही "बेस्ट वाली पातळ काच" म्हणून जी घेतली ती दिसण्याच्या बाबतीत स्वस्त काचेपेक्षा कमी असू शकते, हे काउंटरवर सहसा कुणी सांगत नाही. मायनस ६ वाल्याने मध्यापासून दीड सेंटिमीटर बाजूला बघितलं की पॉलीकार्बोनेटमध्ये रंगांची फाटाफूट सीआर ३९ च्या जवळजवळ दुप्पट. मधून बघताना दोन्ही सारख्याच.

पॉली वाईट आहे असं नाही. लहान मुलं, खेळाडू, कारखान्यात काम करणारे यांना तीच द्यावी, ती फुटून डोळ्यात जात नाही. पण दिवसभर स्प्रेडशीट बघणाऱ्या मायनस ५ वाल्याला मी १.६० सांगतो, थोडी जाड पण नजर शांत राहते. १.६७ मायनस ७ च्या पुढे, जिथे जाडी खरंच सहन होत नाही तिथे. किनार दिसतेय पण काच बदलायची नाही? डोळ्यांऐवजी मान फिरवून बघायची सवय लावा, बरंच कमी होतं.

ब्लू कटबद्दल, म्हणजे स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेबद्दल, रोज विचारतात म्हणून सांगतो, २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) कॉम्प्युटरमुळे येणारा डोळ्यांचा थकवा त्याने कमी होतो असं काही दिसलं नाही. घ्या आवडला तर, पण डोकेदुखीवर उपाय म्हणून नको.

७. नंबर जास्त तर नाही ना?

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच नंबराकडे यायचं. तरुण डोळ्याला जास्त मायनस दिला तरी तो भागवून घेतो, डोळ्याच्या आतली नैसर्गिक लेन्स जोर लावून फुगते आणि चित्र पडद्यावर आणते. वर अक्षरं जास्त काळी आणि टोकदार वाटतात, त्यामुळे तपासताना "हां हां हे जास्त छान" असं तोंडातून निघून जातं. मग दिवसभर तो जोर चालूच राहतो, आणि जवळचं वाचताना त्याच्यावर अजून जोर, म्हणून डोकं जड.

तपासायला लाल-हिरवा तक्ता मागा. एकेका डोळ्याने बघायचं, हिरव्यावरची अक्षरं स्पष्ट जास्त तर मायनस जास्त असण्याची शक्यता, लाल जरा बरं किंवा दोन्ही सारखी तर ठीक. कॉम्प्युटरवरचा नंबर ही फक्त सुरुवात असते, त्या मशीनच्या आत बघताना डोळा जवळचं बघितल्यासारखा जोर लावतो, मुलं तर फारच. म्हणून लहान मुलाचा पहिला चष्मा हा जोर थांबवणारे थेंब डोळ्यात टाकून तपासल्याशिवाय करू नका, नुसत्या मशीनच्या चिठ्ठीवर तर नाहीच. आणि उलट टोकाला, नंबर मुद्दाम कमी द्या म्हणजे वाढणार नाही असं सांगणारे असतात, त्याने वाढ थांबत नाही, पोराला फळा मात्र दिसत नाही.

चाळिशी ओलांडली असेल आणि लांबचं छान, जवळचं त्रासदायक, तर मायनस जास्त नसेल, जवळचा नंबर आला असेल. अशांनी चष्म्यावरून कॉन्टॅक्ट लेन्सवर उडी मारली की वाचणं अचानकच अवघड होतं, कारण मायनसच्या चष्म्यात जवळचं बघायला डोळ्याला थोडा कमी जोर लागतो आणि लेन्समध्ये ती सूट जाते.

डायबेटिस असेल तर शुगर चढलेली असताना नंबर काढू नका. शुगर वाढली की डोळा बहुतेक मायनसकडे सरकतो, शुगर उतरली की परत येतो आणि चष्मा फुकट जातो. काही आठवडे शुगर स्थिर राहू द्या.

इथे थांबा, डॉक्टरकडे जा

सुईच्या भोकातूनही सुधारत नाही. दर सहा महिन्यांनी सिलिंडर वाढतंय किंवा अक्ष फिरतोय, दिव्याला शेपट्या दिसतात आणि डोळे चोळायची सवय आहे, विशेषतः वय तेरा ते तीसच्या मधलं असेल तर कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे बुबुळाच्या आकाराचा नकाशा, करून घ्या, केराटोकोनस (बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येणं) असेल तर तो वेळेत थांबवता येतो आणि चष्म्याने तो सुटणारा नाही. पन्नाशीनंतर मायनस वाढतोय आणि वाचायचा चष्मा अचानक लागेनासा झाला, लोक खूश होतात, पण ही मोतीबिंदूची सुरुवात असू शकते. दोन डोळ्यांच्या नंबरात तीन-चार पॉइंटचा फरक असेल तरी दुकानाच्या पातळीवर फार खेळ करू नका. आणि मायनस ६ च्या पुढे असाल तर तक्रार असो नसो, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासायचा.

जाताना जुना चष्मा, नवीन चष्मा आणि असतील तेवढ्या जुन्या चिठ्ठ्या सोबत न्या, नंबर कसा सरकत गेला ते त्यावरूनच कळतं. कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल तर किती दिवस आधी काढायच्या ते फोनवर विचारून घ्या. थेंब टाकल्यावर काही तास जवळचं दिसत नाही आणि उन्हाचा त्रास होतो, त्यामुळे स्वतः बाइक घेऊन जाऊ नका, कुणालातरी बरोबर न्या.